‘आपोआप येतं’ म्हणजे नेमकं काय काय येतं?

दिवाळीत आई-वडिलांना टॅब भेट देणाऱ्या मुलामुलींचं कौतुक करावं की त्यांना एक खरमरीत पत्र लिहावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भेट देऊन मंडळी पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला परत जातात आणि जुन्यातलं नव्यात नेण्याचं काम घरच्या ज्येष्ठांच्या गळ्यात पडतं. तिथून ते माझ्या टपालात येतं. या खेपेला हाच विषय इतका आला की राऊटर, प्रिंटर आणि ‘फोन आपलं बोलणं ऐकतो का’ हे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत.

नव्या वाचकांसाठी: मी साताऱ्यात मोबाईल-टॅब दुरुस्तीचं दुकान चालवते आणि काउंटरवर जे दिसतं त्याच्या आधारावर लिहिते. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, चिपळूणजवळ राहते. माझ्याकडे बराच जुना टॅब आहे, त्यात अँड्रॉइड ५.१ असं लिहिलेलं दिसतं. मुलाने नवा पाठवला. दुकानदार म्हणाला, ‘जुनाच ईमेल टाका, सगळं आपोआप येतं.’ टाकला. फोन नंबर आले, बाकी काही नाही. स्नेहसंमेलनांचे फोटो नाहीत, माझी टिपणं नाहीत. मुख्य म्हणजे गावातल्या वयस्कर बायकांकडून मी जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून घेतल्या होत्या, त्या नाहीत. त्यातल्या काही जणी आता हयात नाहीत. जुना टॅब वायर हाताने दाबून धरली तरच चार्ज होतो. सगळं गेलं का? — निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, तुमच्या पत्रावरून तरी काहीच गेलेलं दिसत नाही. ते जुन्या टॅबमध्येच आहे. ईमेल टाकल्यावर जे नव्यात उतरतं ते जुन्या टॅबमधून येत नाही. तुमच्या गूगल खात्यावर जे आधीपासून चढलेलं होतं तेवढंच उतरतं. नंबर तिथे होते, ते आले. फोटो चढण्यासाठी गूगल फोटोजचं बॅकअप चालू असावं लागतं. ते चालू असलं तरी ते आपणहून फक्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो घेतं. व्हॉट्सॲपवरून आलेले, कार्डावरून टाकलेले असे फोटो ज्या फोल्डरात आहेत त्या प्रत्येक फोल्डरचं बटण वेगळं चालू करावं लागतं. रेकॉर्डिंगला तर ते हातही लावत नाही. ॲपच्या पोटातली माहिती आपोआप गूगल खात्यावर ठेवण्याची सोय अँड्रॉइड ६ पासून आली, तीही एका ॲपमागे २५ एमबीपर्यंतच. तुमचा टॅब त्याच्या आधीच्या पिढीतला. दुकानदार खोटं बोलला नाही, पण तो ज्याला ‘सगळं’ म्हणतो ते फार थोडं असतं.

आता क्रमाने. पहिलं काम चार्जिंगचं. टॅब टेबलावर पालथा ठेवून पाहा. पाठ फुगलेली किंवा कडेने उचललेली दिसली तर त्याला वायर लावूच नका, बॅटरी फुगलेली आहे. सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या. पाठ सपाट असेल तर फक्त चार्जिंग पिन बदलून घ्या, हे किरकोळ काम आहे. दुकानात टॅब देताना मात्र पावतीवर लिहून घ्या : ‘डेटा ठेवायचा आहे, सॉफ्टवेअर मारायचं नाही.’ आमच्या धंद्यात कुठलीही तक्रार आली की आधी सॉफ्टवेअर मारून, म्हणजे ते नव्याने घालून, बघायची खोड आहे आणि त्यात आतलं सगळं साफ होतं. टॅब सोडून यायची भीती वाटत असेल तर समोर बसून काम करून घ्या. पिन बदलताना शेजारी बसलेलं गिऱ्हाईक कुणी हाकलत नाही.

चार्ज झाला की ओव्या कुठे आहेत ते शोधा. रेकॉर्डरचं ॲप उघडून यादी दिसली म्हणजे ठिकाण कळलं असं होत नाही. ‘फाइल्स’ किंवा ‘माय फाइल्स’मध्ये जा, ‘साउंड्स’, ‘रेकॉर्डिंग्ज’, ‘व्हॉइस रेकॉर्डर’ अशा नावाचं फोल्डर बघा. टॅबमध्ये कार्ड असेल तर तेही उघडा. काही रेकॉर्डर सुरुवातीच्या फायली आतल्या जागेत ठेवतात आणि मधे कुणी सेटिंग बदललं की पुढच्या कार्डावर, त्यामुळे दोन्ही जागा पाहा.

आणि इथे थांबा. हलवायच्या आधी फायलींना नावं द्या. हे मी प्रत्येकाला सांगते आणि बहुतेक जण ऐकत नाहीत. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात काढल्याची तारीख लिहिलेली असते, म्हणून तो कुठेही नेला तरी आपल्या जागेवर बसतो. रेकॉर्डिंगचं बहुधा तसं नसतं. त्याला बाहेरून चिकटलेली तारीख असते आणि वायरने दुसरीकडे उतरवताना ती अनेकदा पुसून तिथे आजची तारीख बसते. मग नव्या टॅबवर ‘व्हॉइस ००१’पासून सगळ्या फायली एकाच दिवसाच्या दिसतील आणि कुठली ओवी कुणाची, हे तुम्हाला प्रत्येक वाजवूनच कळेल. जुन्या टॅबवर अजून खरी तारीख दिसते आहे तोवर प्रत्येक फाइलवर बोट दाबून धरा, ‘रीनेम’ करा आणि वर्ष-महिना-दिवस, गाणारीचं नाव, गाव असं लिहा. वर्ष आधी लिहिलं की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते.

ओव्यांच्या बाबतीत नाव-गाव लिहिणं ही हौस नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात आणि तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही असतं. तुमच्या टॅबमधल्या बायकांनाही तेवढा मान द्या.

नेण्याचा मार्ग : तुमच्या टॅबला संगणक आणि वायर हाच सगळ्यांत भरवशाचा. जवळ ठेवून फायली पाठवायचं गूगलचं क्विक शेअर अँड्रॉइड ६ आणि पुढच्यांसाठी आहे, ते तुम्हाला नाही. ब्लूटूथने जातं, पण एक जीबीला तास-दीड तास सहज लागतो आणि मधेच तुटतं. वायर चार्जिंगपुरती नको, डेटा जाणारी हवी. बाजारात दोन्ही सारख्याच दिसतात. लावल्यावर संगणकाला टॅब दिसलाच नाही तर आधी वायर बदलून बघा, मग टॅबला दोष द्या. टॅबच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ किंवा ‘एमटीपी’ निवडा. सगळं एकदम न उचलता फोल्डर-फोल्डर घ्या, मोठ्या ढिगाऱ्यावर हे काम मधेच अडकतं. आणि ‘कट’ नाही, ‘कॉपी’. कट करताना वायर निसटली तर फाइल ना इकडची ना तिकडची होऊ शकते. तुमची पिन तर आधीच सैल.

संगणकावर उतरलं की दोन्हीकडच्या फोल्डरांतल्या फायलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा. मग पहिली, मधली आणि शेवटची ओवी पूर्ण वाजवा, नुसती सुरुवात नको. जुन्या रेकॉर्डरच्या काही फायली ‘एएमआर’ जातीच्या असतात, त्या नव्या टॅबवर उघडल्या नाहीत तर घाबरू नका. व्हीएलसी हे फुकट ॲप टाका, बहुतेक वेळा वाजतात. संगणकावरची प्रत तशीच राहू द्या, एक पेनड्राइव्हवर मुलाकडे पाठवा, तिसरी नव्या टॅबवर.

टिपणांचं काम कंटाळवाणं आहे. टॅब बनवणाऱ्या कंपनीचं जे नोट्सचं ॲप असतं ते टिपणं आपल्या पोटात ठेवतं, फायली म्हणून ती कुठे दिसत नाहीत. एकेक टिपण उघडायचं, ‘शेअर’ करून स्वतःलाच ईमेल करायचं. दुसरा सोपा मार्ग असता तर सांगितला असता. पुढची टिपणं गूगल कीपमध्ये लिहा, म्हणजे ती खात्यावर राहतील.

प्रश्न : मुलीने सिम नसलेला, फक्त वायफायवर चालणारा टॅब दिला. पडदा मोठा असल्याने व्हॉट्सॲप आणि पैशांचे व्यवहार आता त्यावरच करायचे आहेत. फोनवरचं व्हॉट्सॲप टॅबवर हलवून फोन नातवाला देऊन टाकायचा विचार आहे. कसं करू? — बँकेतून निवृत्त, नाशिक

उत्तर : साहेब, नातवाला दुसरं काहीतरी द्या.

व्हॉट्सॲप तुमच्या नंबरच्या नावाने एका फोनवर राहतं आणि टॅब त्याला जोडलेला असतो. टॅबवर व्हॉट्सॲप उघडून त्यावरचा चौकोनी कोड फोनने वाचायचा, एवढंच. असे चार जोडीदार एका फोनला चालतात. फोन बंद असला तरी टॅबवर संदेश येत राहतील. मात्र चौदा दिवसांहून जास्त फोनवरचं व्हॉट्सॲप वापरलंच नाही तर जोडीदार आपोआप बाहेर फेकले जातात. फोन नातवाकडे गेला, त्याने त्यात त्याच्या नंबरचं व्हॉट्सॲप घातलं की तुमचा टॅब मुका. शिवाय जोडल्यावर टॅबवर अलीकडचं संभाषण येतं, फार जुनं काही शोधायचं असेल तर फोनच उघडावा लागतो.

पैशांचं त्याहून साधं आहे : यूपीआयचं ॲप सुरू करताना त्याच यंत्रातल्या सिमवरून बँकेला एक संदेश जातो आणि त्यावरून तुमचं खातं त्या यंत्राशी बांधलं जातं. सिम नसलेल्या टॅबवर ही गाठ बसतच नाही. तुम्ही बँकेत होतात, तेव्हा हे असं का ठेवलंय ते मी सांगायला नको. आधारचं एमआधार ॲपही एका वेळी एकाच यंत्रावर चालतं, नव्यावर नोंदवलं की जुन्यावरचं बंद.

पडदा मोठा हवा म्हणून टॅब, व्यवहार फोनवर, असं ठेवा. फोनमधली अक्षरं सेटिंग्जमधून मोठी होतात, तेही मुलीने सांगितलेलं दिसत नाही.

प्रश्न : मुलगी अमेरिकेहून आली तेव्हा माझ्यासाठी आयपॅड घेऊन आली. माझं आजवरचं सगळं अँड्रॉइडवर. ती जाताना घाईत सुरू करून गेली. आता दोनशे-अडीचशे नंबर आणि गूगलमधले फोटो यात कसे आणू? चार्जरची पिन इथल्या प्लगात बसत नाही, तोही प्रश्न आहे. — गृहिणी, ठाणे

उत्तर : चार्जरचं आधी, कारण ते सोपं. ॲपलच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे आपली वीज त्याला चालते. फक्त पिनांचा आकार जुळवणारा तुकडा इलेक्ट्रिकच्या दुकानातून घ्या. ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल असं कुणी सांगितलं तर दुकान बदला.

अँड्रॉइडवरून आणायला ॲपलचं ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचं ॲप आहे. जुन्या यंत्रावर ते टाकायचं आणि आयपॅड पहिल्यांदा सुरू करताना ‘अँड्रॉइडवरून आणा’ हा पर्याय निवडायचा. इथेच तुमची अडचण : तो पर्याय सुरुवातीलाच येतो आणि मुलीने ते पान केव्हाच ओलांडलं. त्यासाठी आयपॅड पूर्ण पुसून पुन्हा सुरू करावा लागेल. तुमच्या बाबतीत मी ते करणार नाही, कारण तुम्हाला हवं ते सगळं गूगलकडे आहे आणि गूगल आयपॅडवरही चालतं.

आधी जुन्या फोनमध्ये नंबर खरंच गूगलवर आहेत का ते पाहा. कॉन्टॅक्ट्स उघडलं की वर ‘फोन’, ‘सिम’, ‘गूगल’ अशी निवड मिळते. ज्या खणात जितके आहेत ते तिथे कळतं. तुमच्यासारख्या दोनशे-अडीचशे नंबरवाल्यांचे निम्मे नंबर सिमवर निघतात, कारण पूर्वी सिम बदललं तरी नंबर राहावेत म्हणून आपण तसं करायचो. सिमवर साधारण अडीचशे नावं मावतात, एका नावाला एकच नंबर, नावही थोडक्या अक्षरांत, देवनागरीत तर आणखी कमी. ‘शिंदेकाकू दूधवा’ एवढंच दिसत असेल तर ते सिमवरचं समजा. कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये ‘इम्पोर्ट’ किंवा ‘मूव्ह’ करून ते सगळे गूगल खात्यात हलवा. मग आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये तेच गूगल खातं जोडा आणि कॉन्टॅक्ट्सचं बटण चालू करा. पाचएक मिनिटांत यादी भरते.

फोटोंसाठी आयपॅडवर गूगल फोटोज टाका, झालं. दोन सूचना. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि ती ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली असते. १ जून २०२१ च्या आधी ‘हाय क्वालिटी’ने चढवलेले फोटो त्यात धरलेले नाहीत, नंतरचे सगळे धरले जातात. अँड्रॉइड व्हॉट्सॲपचं बॅकअपही पूर्वी धरलं जात नसे, आता तेही त्याच १५ जीबीत मोजतात. ॲपलची फुकट जागा ५ जीबीच आहे, त्यामुळे आयपॅडने आयक्लाउडवर फोटो चढवू का असं विचारलं तर तूर्त नको म्हणा, नाहीतर दर दोन दिवसांनी ‘जागा भरली’ म्हणून ओरडत बसेल.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. गूगल फोटोज ही काही नुसती खिडकी नाही. आयपॅडवर जागा करायला म्हणून त्यातून फोटो डिलीट केलात तर तो खात्यावरून जातो आणि फोनवरूनही जातो. साठ दिवस कचरापेटीत राहतो एवढाच दिलासा, तोही बॅकअप झालेल्या फोटोंना. जागाच करायची असेल तर त्याच ॲपमध्ये ‘फ्री अप स्पेस’ आहे, ते वापरा.

अँड्रॉइडवर पैसे देऊन घेतलेली ॲप्स आयपॅडवर फुकट मिळत नाहीत, पुन्हा घ्यावी लागतात. याला माझ्याकडे उपाय नाही.

प्रश्न : मी कीर्तन करतो. पंधरा-वीस वर्षांची कीर्तनं, आख्यानं, अभंगांचे दाखले संगणकावर वर्डमध्ये टाइप केलेले आहेत. शिष्याने टॅब घेऊन दिला आणि सगळ्या फायली त्यावर टाकून दिल्या. उघडलं तर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं यांची खिचडी. संगणकावर तेच व्यवस्थित मराठी दिसतं. फायली खराब झाल्या का? — कीर्तनकार, मंगळवेढा

उत्तर : महाराज, फायली ठणठणीत आहेत. आलंय ते मराठी टायपिंगचं जुनं दुखणं. कोकणापासून विदर्भापर्यंत ज्यांनी ज्यांनी २००० च्या आसपास संगणकावर मराठी लिहिलं त्या सगळ्यांच्या घरात हे आहे, छापखान्यांत तर कपाटंच्या कपाटं.

श्रीलिपी, कृतिदेव, आकृती असे जे जुने फॉन्ट होते त्यांत फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. फाइलमध्ये इंग्रजी अक्षराचा क्रमांक असतो आणि फॉन्ट त्या क्रमांकाच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. संगणकावर तो फॉन्ट आहे म्हणून तुम्हाला विठ्ठल दिसतो. टॅबवर तो नाही म्हणून आतलं कच्चं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे ते कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसतं.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही करायला सांगेन. पहिली आजच्या आज : जुन्या संगणकावर प्रत्येक फाइल उघडून ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्टचे आकार फाइलबरोबरच बांधले जातात, टॅबवर जसंच्या तसं दिसेल. त्यात शब्द शोधता येणार नाही आणि दुरुस्ती करता येणार नाही, पण उद्याचं कीर्तन होऊन जाईल. संगणक जुना आहे, तो कधी बंद पडेल सांगता येत नाही आणि तो गेला तर त्याबरोबर तो फॉन्टही जाईल. म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

दुसरी वाट युनिकोडमध्ये बदलण्याची. त्यासाठी परिवर्तक, म्हणजे कन्व्हर्टर, मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा वेगळा. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक करून वर फॉन्टचं नाव काय दिसतं ते नीट लिहून घ्या. नुसतं ‘श्रीलिपी’ पुरत नाही, ‘श्री-देव-०७०२’ असं पूर्ण नाव आणि क्रमांक हवा. चुकीचा परिवर्तक लावला तर निम्मं बरोबर, निम्मं चूक असं काहीतरी हाती येतं आणि ते पूर्ण चुकीपेक्षा वाईट, कारण पहिल्या ओळीवरून सगळं ठीक वाटतं.

बदलून झालं की तीन जागा तपासा. जुन्या फॉन्टात अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात : आधी ऱ्हस्व वेलांटी, मग व. युनिकोडमध्ये बोलण्याचा क्रम असतो : आधी व, मग वेलांटी. परिवर्तक हा क्रम उलटा करायला कुठेतरी विसरतो, तिथे वेलांटी एका ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळताना दिसेल. दुसरी जागा रफार. तो जुन्या फॉन्टात अक्षरानंतर टाइप होतो, त्यामुळे ‘सर्व’चं ‘सवर्’ आणि ‘धर्म’चं ‘धमर्’ होऊन बसतं. वर्डमध्ये ‘सवर्’ शोधा, एक सापडला तर अजून शेकडो असतील आणि मग परिवर्तकच बदलायला हवा. तिसरी जागा तुमच्या कामात पावलोपावली येणारी : ‘वारकऱ्यांचे’ याचं ‘वारकर्यांचे’ होतं. हे ‘शोधा आणि बदला’ने एकदम दुरुस्त होतं, फक्त ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ यांचा बळी जाऊ देऊ नका. तिथे रफारच हवा. म्हणून एकेक शब्द बघत बदला.

अभंगांचे दाखले गाथेच्या छापील प्रतीशी ताडून घ्या. शिष्य आहेत, त्यांना कामाला लावा. एक आख्यान एकाने वाचावं, दुसऱ्याने टॅबवर बोट ठेवावं.

एक शेवटचं. फायली ड्राइव्हवर ठेवल्यात तर प्रत्येकीच्या पुढच्या तीन ठिपक्यांत ‘ऑफलाइन उपलब्ध’ चालू करा. आषाढीला पंढरपुरात लाखो फोन एका टॉवरवर असतात, तिथे निरूपणाच्या मधे फाइल गोल फिरत बसायला नको.

प्रश्न : जुना टॅब ओएलएक्सवर विकतोय. फोटो डिलीट केले. एवढं पुरे ना? — कोल्हापूर

उत्तर : नाही. आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढा, मग ‘फॅक्टरी रीसेट’ करून टॅब पूर्ण पुसा. खातं न काढता बटणं दाबून पुसलात तर अँड्रॉइड ५.१ पासूनच्या बऱ्याच यंत्रांना कुलूप लागतं आणि घेणारा तुमचाच ईमेल-पासवर्ड मागायला फोन करतो. आयपॅड असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून मग पुसा, तिथेही हेच. यंत्र जुनं असेल, म्हणजे अँड्रॉइड ५ वगैरे, तर रीसेटच्या आधी सिक्युरिटीमध्ये ‘एन्क्रिप्ट’ करा, म्हणजे आतलं सगळं किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात जातं. नव्या यंत्रांत हे आधीच झालेलं असतं. त्याला तासभर लागेल, चार्जर लावूनच ठेवा. मग रीसेट केलं की पुसलेलं कुणाला परत काढता येत नाही. कार्ड काढून घ्या. आधार-पॅनचे फोटो बहुतेकांच्या कार्डावरच असतात.

आणि हो, नव्या यंत्रातल्या फायली उघडून पाहिल्याशिवाय यातलं काही करू नका. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

प्रश्न : नातीच्या हातून टॅब पडला. चालू आहे, दिसतं, पण बोट लावलं की काही होत नाही. आतले फोटो कसे काढू? — जयसिंगपूर

उत्तर : पन्नास-शंभर रुपयांची ओटीजी वायर (टॅबला माऊससारखी वस्तू जोडणारी) आणि कुठलाही यूएसबी माऊस. वायर टॅबला, माऊस वायरला. पडद्यावर बाण दिसेल, त्याने पिन टाकून कुलूप उघडा आणि फोटो गूगलवर किंवा कार्डावर पाठवा. थेट संगणकाला जोडून चालणार नाही, कारण कुलूप उघडल्याशिवाय आणि ‘फाइल ट्रान्सफर’वर टिचकी मारल्याशिवाय बहुतेक टॅब संगणकाला काही दाखवत नाहीत. चार्जिंगचं आणि ओटीजीचं छिद्र एकच असतं, तेव्हा आधी शंभर टक्के चार्ज करून घ्या. पडदाच काळा असेल तर माऊस काय करणार, पडदा बदलावा लागेल. आतला डेटा त्याने जात नाही.

प्रश्न : नव्या फोनमध्ये चॅट हलवायला गेलो तर ४० जीबी व्हॉट्सॲप! हे सगळं न्यावं लागतं का? — सोलापूर

उत्तर : नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. तिथे ‘५ एमबीपेक्षा मोठं’ आणि ‘अनेकदा फॉरवर्ड झालेलं’ असे दोन खण आधीच करून ठेवलेले असतात. दुसरा खण डोळे मिटून रिकामा केलात तरी चालेल. त्याखाली ग्रुपवार यादी असते, सगळ्यांत जड ग्रुप वर. त्यात घरच्यांचा ग्रुप आला तर थांबून एकेक फोटो बघा, लग्नाचे-बारशाचे असतील. या फोटोंच्या पोटात काढल्याची तारीख नसते, फाइलच्या नावात फक्त व्हॉट्सॲपवर आल्याची तारीख असते, तेव्हा जपून ठेवायचे ते वेगळ्या फोल्डरात काढताना नाव बदललंत तरी तो तारखेचा आकडा राहू द्या. सोसायटीचा ग्रुप, शाळासोबत्यांचा ग्रुप आणि ‘सुप्रभात’ मंडळी यांच्यात मात्र वेळ घालवू नका. उरेल ते दोन्ही फोन शेजारी ठेवून, सेटिंग्जच्या ‘चॅट्स’मधल्या ‘ट्रान्सफर चॅट्स’ने कोड वाचून न्या. दोन्ही अँड्रॉइड असतील तर त्याला ड्राइव्हची जागाही लागत नाही.